पगाराच्या वाटेवरची दुकानं

कुलवृत्तांत नावाचं पुस्तक तुम्ही कधी नीट वाचलंय? कुणाच्या तरी घरी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, जुन्या दिवाळी अंकांच्या शेजारी ते असतंच. मूळ पुरुष अमुक, त्याला मुलगे चार, त्यातला दुसरा निपुत्रिक, तिसऱ्याला पुन्हा तीन... मधूनच एखादा मामलेदार किंवा हेडमास्तर निघतो, त्याच्याबद्दल दोन ओळी गोडवे, की पुन्हा मुलगे मोजायला सुरुवात. बायकांची नोंद म्हणजे माहेरचं आडनाव आणि सासरी बदललेलं नाव, बस. शंभर पानं वाचून झाल्यावरही ही माणसं काय खात होती, कपडे कुठून आणत होती, महिनाअखेरीला पैसे संपले की कुणाच्या दारात उभी राहत होती, यातलं काही कळत नाही.

माझं मत विचाराल तर घराण्याचा इतिहास शोधायचा असेल तर आधी दुकानं शोधावीत. आपली माणसं रोज ज्या रस्त्यावरून जात होती त्या रस्त्यावरची, आता नसलेली दुकानं. आणि त्यातही जी आठवली की घरातले मोठे विषय बदलतात, ती सगळ्यात आधी.

हे डोक्यात यायचं कारण म्हणजे आमच्या घरात वर्षभर एका पुस्तिकेचं काम चाललंय. संपादक अर्थातच थोरला चुलतभाऊ, म्हणजे दादा. पुढच्या कौटुंबिक मेळाव्यात वाटायची म्हणे. शिरूरचे आपण, मग दौंडला आलो, मग पुणे, मग कुठं कुठं. दादाचा मसुदा व्यवस्थित आहे, तारखा बरोबर आहेत, शुद्धलेखन तर माझ्यापेक्षा चांगलं आहे. भांडण फक्त एका दुकानावरून आहे, आणि त्या दुकानाला तर पाटीसुद्धा नव्हती. त्याच्याकडे येतेच. आधी शिरूर.

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात. जुन्या इंग्रजी कागदांत गावाचं नाव सिरूर आणि दौंडचं धोंड असं लिहिलेलं असतं. हे माहीत नसेल तर माणूस यादी चाळत बसतो आणि आपलं गाव सापडतच नाही. पेशवाईच्या शेवटी इथं इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण इथूनच कोरेगावकडे निघाली. १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर शिरूरला आहे, आणि गॅझेटिअर म्हणतं की लोक त्याला सत्पुरुष मानून सुगीला धान्य वाहायचे. कर्नलला कबर मिळाली, वर नैवेद्यही मिळाला. छावणीचे सदरे शिवणाऱ्यांचं नाव मात्र कुठं नाही. आमचे पूर्वज शिवणारे. छावणी गेली तसं सैन्याचं काम संपलं आणि मग बाजारकऱ्यांच्या बंड्या, कोपऱ्या आणि पोरांची कुंची शिवणं एवढं उरलं.

घरात सांगतात ती गोष्ट अशी: पणजोबांचं शिरूरच्या पेठेत भरभराटीचं दुकान होतं, ते त्यांनी धाकट्या भावाला देऊन टाकलं, आणि आजोबा रेल्वेत लागले. मोठ्या मनाचे पणजोबा वगैरे. आजीच्या पत्र्याच्या पेटीत एक चुरगळलेली पावती निघाली. शिवणयंत्र हप्त्यावर घेतलेलं होतं, हप्ते थकले आणि यंत्र परत गेलं. शिंप्याच्या दुकानातून यंत्र गेल्यावर भावाला द्यायला उरतं काय? एक कात्री आणि एक लाकडी गज. दादाच्या मसुद्यात अजून तो मोठ्या मनाचा परिच्छेद आहे. त्याबद्दल मी फार भांडले नाही.

तसं बघितलं तर शिरूरच्या पेठेचं नशीब आमच्या यंत्राच्या कितीतरी आधी ठरलेलं होतं. सोलापूरची लाईन दौंडवरून गेली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लाईन सुरू झाली तेव्हा नगरलाही रेल्वे आली, पण ती दौंडवरून. शिरूर पडलं पुणे-नगर सडकेवर. त्या गावाला आजही रेल्वे नाही. एका गावाला सडक मिळाली, दुसऱ्याला रूळ. सडकेच्या गावात बैलगाड्या थांबायच्या म्हणून लोहार, सुतार, पेंढीवाले, खानावळी. रुळाच्या गावात गाड्यांची तोंडं फिरवायची म्हणून तासनतास थांबा, त्यामुळे चहावाले, आणि पाळीवर जाणारी माणसं म्हणून भल्या पहाटे उघडणारी दुकानं. १९४१ मध्ये आजोबा न्हावरेमार्गे दौंडला गेले ते कायमचेच.

थोडं विषयांतर. याच दोन गावांच्या मधल्या पट्ट्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे बरीच वर्षं तिथं उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मंडळी होती. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत कुंभाराचं घर कुठलं, सोनाराचं कुठलं, चुना भाजणाऱ्याचं कुठलं हे त्यांनी शोधून काढलं. कारागीर वस्तीच्या पश्चिमेला राहायचे हेही सांगितलं. ताम्रपाषाण युगातली गल्ली आपल्याला ठाऊक आहे, आणि १९६० साली दौंडला स्टेशनपासून आमच्या घरापर्यंत ओळीनं कोणती दुकानं होती हे सांगायला घरात एकच माणूस उरलंय. माझी थोरली आत्या. वय ७७.

मी तिला आधी नेहमीचे प्रश्न विचारले. आपलं मूळ गाव कुठलं, कुलदैवत कोणतं, पणजीचं नाव काय. तिला फारसं सांगता येईना आणि ती कंटाळली. मग मी विचारलं, "आत्या, पगाराच्या दिवशी आजोबा घरी यायचे तेव्हा वाटेत आधी कुठलं दुकान लागायचं?"

मग तासभर ती थांबली नाही.

लोको शेडचं फाटक. बाहेर पडलं की चहाची टपरी. मग तांबोळ्याचं दुकान. मग न्हाव्याचं, एकाच खुर्चीचं. मग सायकली भाड्यानं देणारा. त्याच्यापुढे एक दुकान, ज्याबद्दल आत्याचं आणि काकांचं जमत नाही. त्याला लागून उजवीकडे एक बोळ आत जायचा. मग पिठाची गिरणी, मग किराणा, मग आमची चाळ. त्या बोळात एका घराच्या मागच्या पडवीत हातभट्टीची मिळायची. पाटी नसलेलं दुकान ते हेच.

आजोबा फायरमन होते. वाफेच्या इंजिनात पाळीभर कोळसा ओढायचा, पुढून आग आणि मागून वारा. असा माणूस पितो म्हणून त्याच्याकडे नाक मुरडणं मला पटत नाही. पण पगार त्या बोळात शिरला की किराण्यापर्यंत पोचत नसे, हेही तितकंच खरं. आजीला रस्ता बदलता येत नव्हता. मग तिनं रस्त्यातल्या एका दुकानाशी संधान बांधलं. पगाराच्या दिवशी आजोबा दिसले की न्हावी त्यांना हाक मारायचा, खुर्चीत बसवायचा, तोंडाला साबण फासायचा आणि मग वस्तऱ्याला धार लावत बसायचा. चांगली वीसेक मिनिटं. तेवढ्यात गिरणीपाशी उभी असलेली आत्या, वय वर्षं नऊ, धावत यायची आणि चारचौघांत हात पुढे करायची. "दादा, आईनं पैसे मागितलेत." तोंडाला फेस लावलेला माणूस लोकांसमोर लेकीला नाही कसं म्हणणार? थोडे पैसे ठेवून घ्यायचे, बाकीचे द्यायचे. आत्या सातवीपर्यंत शिकली ती त्या खुर्चीमुळे, असं ती स्वतः म्हणते. न्हाव्यानं दाढीचे पैसे कधी बुडवून घेतले नाहीत, हेही तिनं आवर्जून सांगितलं.

आता दादाचं म्हणणं. "हातभट्टीचं कशाला लिहायचं? पोरं वाचतील, व्याही वाचतील." त्यानं सुचवलं की न्हावी ठेवू, गोष्ट छान आहे, पण 'आजोबा जरा खर्चिक होते' एवढंच म्हणू.

पण बोळ काढला की न्हावी वस्तऱ्याला वीस मिनिटं धार का लावतोय याला काही अर्थच राहत नाही. नऊ वर्षांची पोर गिरणीपाशी का उभी आहे हे कळत नाही. आजीनं काय केलं ते तर पूर्ण पुसलं जातं, आणि उरते ती नेहमीची प्रेमळ, सोशिक आजी. प्रत्येक पुस्तिकेत असते तीच. एक दुकान वगळलं की सगळा रस्ता खोटा होतो.

आठवणी लिहिताना आपण सगळे हेच करतो. जुन्या गावाबद्दल कुणाचंही लिखाण वाचा: पेढेवाला असतो, भेळवाला असतो, टुरिंग टॉकीज असतं, ईदला शीरखुर्मा देणारे शेजारी असतात. गुत्ता नसतो, गहाणवटीचा सराफ नसतो, मटक्याचे आकडे घेणारा नसतो. मग ही सगळी दुकानं चालवली कुणी, आणि कुणाच्या पैशावर? आमच्या गावात न पिणारेच राहत होते असं गृहीत धरलं तर दौंडच्या स्टेशनाबाहेर एवढे चणेवाले काय फक्त प्रवाशांच्या भरवशावर जगले?

कागदांचीही इथं गंमत आहे. पणजोबांच्या काळात दारूचं दुकान उघड होतं. १८७८ चा आबकारी कायदा होता, दुकानांचे परवाने दिले जायचे, सरकार त्यावर उत्पन्न मिळवायचं. म्हणजे त्या काळचा गुत्ता निदान सरकारी हिशेबात तरी सापडू शकतो. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण बंदी झाली, आणि गुत्ता रस्त्यावरून उठून बोळात गेला. दारू गेली नाही, फक्त पाटी गेली आणि तिच्याबरोबर कागदही. १९५० नंतरची वीस-बावीस वर्षं हे दुकान आठवणीशिवाय दुसऱ्या कशातही नाही. पोलिसांच्या कागदात असलंच तर ते त्या बाईच्या नावावर असणार.

हो, बाईच. भट्टी चालवणारी एक विधवा होती. मला वाटलं होतं आत्या तिला शिव्या घालेल. तर ती म्हणाली, "तिला तीन पोरं होती गं. ती तरी काय करणार? आई तिच्याशी बोलायची. फक्त पगाराच्या दिवशी बोलायची नाही." त्या तीन पोरांची नातवंडं आज कुठंतरी असतील. ती काही पुस्तिका काढत असतील असं वाटत नाही.

मग १९७३ मध्ये देशी दारूचे नवे नियम आले आणि सरकारमान्य दुकानं उघडली. आमच्या रस्त्यावरही उघडलं, पाटीसकट, आणि उघडलं ते फाटक आणि न्हावी यांच्या मधल्या गाळ्यात. आत्या हे सांगताना हाताने दाखवत होती, इकडे फाटक, इकडे न्हावी, आणि मध्ये ते. न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत आजोबा पोचायचे तेव्हा हाक मारायला उशीर झालेला असायचा. दुकानांचा क्रम बदलला, एवढंच झालं. दोन वर्षांत आजीच्या पाटल्या मोडल्या आणि माझ्या वडिलांनी कॉलेज सोडून अठराव्या वर्षी नोकरी धरली. घरात याचं कारण 'तेव्हा परिस्थिती तशी होती' असं सांगितलं जातं. परिस्थिती म्हणजे काय? एका गाळ्याचं अंतर.

यावरून मी दारूबंदीची बाजू घेते आहे असं कुणी समजू नये. हातभट्टीनं माणसं आंधळी केली आणि मारलीही. २००८ च्या आदेशानंतर गावातल्या किंवा प्रभागातल्या बायकांना मतदानानं दारूचं दुकान बंद करता येतं, आडवी बाटली म्हणतात ती. आजी तेव्हा हयात नव्हती. ती असती तर तिनं मत कुठं टाकलं असतं, मला खरंच सांगता येत नाही. तिचा भर बंदीपेक्षा क्रमावर होता.

मधल्या एका महिन्याबद्दल सांगायचं राहिलं. ८ मे १९७४ ला देशभर रेल्वेचा संप सुरू झाला, २७ ला मागे घेतला गेला. पगार नाही, क्वार्टरवाल्यांना घर जाण्याची भीती, धरपकड चालू. आमच्या घरात संपाबद्दल एकच वाक्य आहे: "आजोबा संपात होते." किराणा दुकान केव्हाच बंद झालंय, तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. पण दुकानदाराच्या नातवाकडे जुन्या वह्यांचं एक गाठोडं होतं, रद्दीत घालायच्या बेतात होता. त्यानं मला त्या मे महिन्याचं पान काढून दाखवलं. बाजरी, मीठ, चहा, गूळ, काडेपेटी. साखर नाही. गोडेतेल एकदाच. सतरा नोंदी, एकही जमा नाही. नंतर जूनपासून पुढे थोडी थोडी जमा, थेट दिवाळीपर्यंत. उधारी बंद कर असं त्यानं म्हटल्याची खूण कुठंच नाही.

आणि पानाच्या डोक्यावर खातं आजीच्या नावाने. आजोबांच्या नावाने नाही. रेशनकार्ड त्यांचं, क्वार्टरचा अर्ज त्यांचा, वंशावळीतला चौकोन त्यांचा. फक्त या लाल पुठ्ठ्याच्या वहीत तिचं नाव स्वतंत्र लिहिलेलं, तेही माहेरचं, ज्या नावानं तिला चाळीत हाक मारायचे ते. दुकानदाराला पक्कं माहीत होतं की फेडणार कोण.

वह्यांबद्दल आमच्या भागात आणखी एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि वह्या जाळल्या, ते लोण शिरूर तालुक्यातही आलं. त्याच्या आदल्या वर्षी शिरूरजवळच्या करड्याला सावकारावर बहिष्कार पडला होता. दख्खनचे दंगे म्हणून पुस्तकांत आहे ते हेच. आता या भागातल्या कुठल्याही घरी जा, त्यांच्या खापरपणजोबांनी वह्या जाळलेल्याच असतात. ज्यांच्या वह्या जळल्या त्यांचे वंशज कसे कोण जाणे एकही भेटत नाहीत! दादाच्या मसुद्यातही आमच्या मूळ पुरुषाच्या हातात पेटता पलिता आहे. शिंप्याच्या हातात कुठून आला देव जाणे, पण असो. मला गंमत वाटते ती एवढीच, की आमच्या घराण्याचा धडधडीत पुरावा म्हणावा असा एकमेव कागद ही न जाळलेली उधारीची वही आहे. ती जपायला पाहिजे. नातवानं आमचं पान मला दिलं, बाकीचं गाठोडं त्याच्याकडेच आहे. त्यात शेजारच्या तीस-चाळीस घरांची पानं असतील.

या सगळ्यावर दादाचं उत्तर एकच: लाज. त्याचं अगदीच चुकतंय असं मी म्हणणार नाही. आजोबा आता स्वतःची बाजू मांडायला नाहीत. ते मला खांद्यावर घेऊन इंजिनं दाखवायला नेत, आणि प्रत्येक इंजिनाच्या शिट्टीवरून ड्रायव्हर कोण ते ओळखत. तेही लिहायलाच हवं. म्हणून निकाल आत्यावर सोपवला, कारण धावत जायची ती. तिनं मसुदा वाचून घेतला, चष्मा काढला आणि दादाला म्हणाली, "लिही बोळाचं. पण न्हाव्याचं नाव आधी लिही, दादांचं नंतर." दादा काही बोलला नाही. पान मात्र अजून छापखान्यात गेलेलं नाही.

शेडचं फाटक आता त्या जागी नाही. वाफेची इंजिनं गेली आणि पाठोपाठ तिथली पाळीची गर्दीही ओसरली. मनमाडकडच्या काही गाड्या तर आता जंक्शनात न येता कॉर्ड लाईनवरून परस्पर निघून जातात. न्हाव्याच्या जागी औषधांचं दुकान आहे. देशीचं दुकान मात्र पुढच्या चौकात सरकलं, पण चालू आहे.

नकाशात एक जागा अजून रिकामी आहे. सायकलवाला आणि बोळ यांच्या मधलं ते दुकान. आत्या म्हणते कासाराचं होतं, तिथं तिनं पहिल्यांदा बांगड्या भरल्या. काका म्हणतात घड्याळजीचं, आणि आजोबांचं रेल्वेचं घड्याळ महिन्यातले पंधरा दिवस तिथंच पडलेलं असायचं. घड्याळ दुरुस्तीला की गहाण, हे विचारल्यावर काका म्हणाले, "आता ते कुणाला माहीत." पुढच्या महिन्यात मी आत्याला घेऊन दौंडला जाणार आहे. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे फाटकापासून चाळीपर्यंत रिक्षानं जायचं ठरलंय, सावकाश.